झऱ्याचा फोटो, तीन प्रती

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत, आणि तेही बूट न काढता.

आमच्या बावखलाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर तुम्ही उभे होतात. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून फाईल कपाळाला धरलेली. माझा भाऊ लुईस म्हणाला, "साहेब, जपून हां, खालच्या पायऱ्यांना शेवाळ हाय." तेवढं निमित्त तुम्हाला पुरलं. उतरायचं नाही हे तुम्ही गाडीतच ठरवून आला होतात.

"झरा कुठाय?" तुम्ही विचारलंत.

"तळाला," मी म्हटलं.

"दिसत तर नाही."

"बारा फूट पाणी आहे वर. कसा दिसेल?"

"पुरावा काय?"

"मोटार लावून दाखवतो ना," लुईस म्हणाला. "दोन तास उपसा. हातभर पाणी खाली जाईल. सकाळी या, परत जितल्या तिथं."

"ते शेजारच्या वाडीला पाणी घालता, ते झिरपत असेल."

"शेजारची वाडी दोन वर्षं सुकी पडलीय, साहेब. विकली ना ती."

तुम्ही तुमच्याबरोबरच्या माणसाकडे बघून हसलात. "मग असं करा, झऱ्याचा फोटो आणा. फोटो आणा, मी लगेच मानतो. कागदावर पाहिजे. ए-फोर. तीन प्रती. मोबाईलमधला व्हिडिओ चालणार नाही, तो फाईलला लावता येत नाही."

तो माणूसही हसला. चार मिनिटांत गाडी केळींच्या आडून निघून गेली. आठ दिवसांनी कागद आला: 'सदर खड्ड्यात पावसाचे पाणी साचलेले दिसून आले. नैसर्गिक झरा आढळून आला नाही. सबब खड्डा बुजविण्यास हरकत नसावी.' खाली सुनावणीची तारीख, पुढच्या अकराव्या दिवसाची.

खड्डा. आमच्या पणजोबांच्या पिढीनं निर्मळ गावच्या वाड्यांमधून ही लहान तळी हातांनी खणली. गोडं पाणी लागेपर्यंत खणायचं, पायऱ्या बांधायच्या, आणि चार घरांनी मिळून वापरायचं. आमचं बावखल दोन कॅथलिक घरांचं आणि दोन वाडवळांचं. केळी त्याच्यावर, चाफा त्याच्यावर, पानवेली त्याच्यावर. शेजारच्या विकल्या गेलेल्या वाडीत आता इमारत येणार, इमारतीला रस्ता पाहिजे, आणि रस्त्याच्या रेघेत आमचं बावखल येतं. रस्त्याच्या रेघेत आल्यावर बावखलाचा खड्डा होतो, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

माझं नाव लिडिया डाबरे. मिशनच्या दवाखान्यात तेहेतीस वर्षं मी एक्स-रे काढले. छाती, कंबर, गुडघे, मान. जे डोळ्यांना दिसत नाही त्याचा फोटो काढायचा, हेच काम आयुष्यभर केलं. तुम्ही थट्टा केलीत, साहेब, पण चुकीच्या बाईसमोर केलीत.

लुईसनं पहिला प्रयोग केला तो त्याच्या पद्धतीनं. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी बांबूला बांधली आणि बांबू पाण्यात खुपसला. वर काढल्यावर मोबाईलमध्ये नुसता हिरवा अंधार होता. पिशवीतही थोडं पाणी गेलं होतं. मोबाईल तीन दिवस तांदळाच्या डब्यात राहिला.

लुईस पंप मेकॅनिक. विहिरीत पडलेले, गाळात रुतलेले पंप बुडी मारून काढण्यात त्याचं सगळं तारुण्य गेलं. आता त्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्यात, डॉक्टरनं बुडी बंद केलीय. त्यामुळे खाली कोण जाणार, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारलाच नाही. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्ही दोघं याच पाण्यात पोहायला शिकलो. त्याला शिकायला आठ दिवस लागले होते, मला चार.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून लुईसची मुलगी एलिसा आली. ती मालाडला नोकरी करते. लग्नानंतर अंदमानला गेली तेव्हा घेतलेला मुठीएवढा कॅमेरा आणि त्याला पाण्यात न्यायची पारदर्शक पेटी, शिवाय पोहायचा चष्मा घेऊनच आली.

"आंटी, तू खरंच उतरणार?"

"मग कोण, तू?"

"मला लाईफ जॅकेट लागतं."

"बावखलाच्या काठावर वाढलीस आणि लाईफ जॅकेट?"

"तूच सांगायचीस ना पप्पांना, पोरीला पाण्यात सोडू नको, छातीत कफ होईल. तुझ्यामुळे मी कोरडी राहिले."

मी सरळ पाण्यात उतरले. पायांखाली जागा चाचपत तळापर्यंत गेले, कॅमेऱ्यातलाच फ्लॅश मारून चार फोटो काढले आणि वर आले. पायरीवर बसून तिघांनी बघितलं. चारही फोटोंत सगळीकडे पांढरे ठिपके होते. मधे कुठेतरी माझा स्वतःचा अंगठा.

"बर्फ पडलाय," एलिसा म्हणाली.

"कॅमेरा बिघडलाय," लुईस म्हणाला.

कॅमेरा बिघडला नव्हता. मी ते ठिपके बघितले आणि मला माझ्या खोलीची आठवण झाली. जाड माणसाच्या पोटाचा एक्स-रे काढताना किरण आत जातात, मांसावर आपटतात आणि चहूकडे विखुरतात. विखुरलेले किरण फिल्मवर आले की सगळं धुरकट. आम्ही त्याला स्कॅटर म्हणायचो. इथेही तेच होतं. फ्लॅश लेन्सच्या शेजारीच, बोटभर अंतरावर. त्याचा उजेड पाण्यातल्या गाळाच्या प्रत्येक कणावर आपटून सरळ लेन्समध्ये परत येत होता. झऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच उजेड वाटेत वाया जात होता.

"उजेड लेन्सपासून लांब पाहिजे," मी म्हटलं. "बाजूनं. आणि कॅमेरा वस्तूच्या अगदी जवळ, म्हणजे मधे पाणीच कमी."

"म्हणजे वेगळी लाईट," एलिसा म्हणाली. "आचोळ्याला एक जण आहे, सुमेध. आमच्या लग्नाचा व्हिडिओ त्यानंच केला. त्याच्याकडे सगळं भाड्यानं मिळतं."

सुनावणीला नऊ दिवस राहिले होते.

सुमेधचं दुकान आचोळे रोडला, एका इमारतीच्या तळमजल्यावर. एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला रंगीत माशांचं दुकान. मुलगा तीस-बत्तीसचा, बोलायला गोड आणि दुसऱ्याचं ऐकायला जरा कमी.

"मावशी, टेन्शनच नका घेऊ," तो म्हणाला आणि ताटाएवढी दिव्यांची पाटी काढून दाखवली. "ही बघा. हळदीला मारतो मी, नवरी कशी दिसते माहितीय? सोनं."

"नवरी पाण्यात असते का?"

"नाय, पण प्लॅस्टिकमध्ये रॅप केली तर…"

"माझ्या भावानं मोबाईल रॅप केला होता. तो अजून तांदळात आहे."

मग तो जरा सरळ झाला. मालवणला समुद्रात बुड्या मारणारा त्याचा एक मित्र होता, त्याचं सामान दुसऱ्या दिवशी मागवून घेतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. टेबलावर तीन वस्तू मांडलेल्या. एक लांबट टॉर्च, झोत अरुंद आणि जोरदार. एक बुटका व्हिडिओ लाईट, सतत पेटलेला राहणारा, उजेड पंखा उघडावा तसा पसरट. आणि एक पेरूएवढा फ्लॅश, ज्याला सुमेध स्ट्रोब म्हणत होता. त्याला एक काचतंतूची केबल. तिचं दुसरं टोक कॅमेऱ्याच्या फ्लॅशसमोर चिकटवायचं. कॅमेऱ्याचा फ्लॅश लुकलुकला की ते बघून हा पेटतो. बरोबर कॅमेरा बसवायची पट्टी आणि तिला हातासारखा दोन सांध्यांचा दांडा.

"व्हिडिओ लाईट घ्या डोळे मिटून," सुमेध म्हणाला. "जे दिसतं तेच येतं. स्ट्रोब म्हणजे कटकट. मारल्याशिवाय कळत नाही काय आलं ते."

"एक्स-रेसुद्धा मारल्याशिवाय कळत नाही," मी म्हटलं. "बाजूच्या दुकानात एक रिकामी काचेची टाकी मागा. हवेचा पंपही सांगा. आणि चिमूटभर मैदा."

"मैदा?"

"मला बावखलाचं पाणी पाहिजे. नळाचं नको."

माशांच्या दुकानवाल्याला मजा वाटली. त्यानं मोठी टाकी भरून दिली, तळाला वाळू टाकली, हवेची नळी वाळूत पुरली. बुडबुडे उठायला लागले. मी मैदा विरघळवला. पाणी बाळाच्या दुधाच्या बाटलीत पाणी घालावं तसं झालं. समोर शाळेतून परतणाऱ्या दोन बायका थांबल्या. "काय करतात ओ?" "मावशी सायन्स करतायत," सुमेध म्हणाला.

आधी टॉर्च. लेन्सच्या शेजारी धरली तर पांढरी भिंत. बाजूला नेली तर वाळूवर एक जळजळीत ठिपका आणि भोवती काळोख. मी ती परत सुमेधच्या हातात दिली. मग व्हिडिओ लाईट दांड्यावर लावला आणि दांडा डावीकडे पूर्ण पसरला. आता पाणी काळं राहिलं आणि फक्त वाळू उजळली. सुमेधचा चेहराही उजळला.

"बोललो ना!"

मी फोटो मोठा करून बघितला. बुडबुडे गोल नव्हते, रेघा झाल्या होत्या. लाईट सतत असला तरी त्याचा जोर कमी, म्हणून कॅमेरा आपलं झाकण जास्त वेळ उघडं ठेवतो. तेवढ्यात हलणारी वस्तू सरकते.

"पण मूव्हमेंट दिसतेय, मावशी. भारी दिसतंय उलट."

"साहेबाला काय दिसेल? म्हणेल, बाईचा हात हलला. मला दाणा न् दाणा वेगळा पाहिजे. उडताना थांबलेला."

म्हणून स्ट्रोब. केबल लावली, दाबलं. टाकी लख्ख उजळली, बाहेरच्या बायकांनी डोळे मिटले. फोटो मात्र काळा. पुन्हा दाबलं. लख्ख उजेड, काळा फोटो. चार वेळा.

"खराब आहे हा," सुमेध म्हणाला. "मी बोललो होतो कटकट आहे."

"गप्प बस जरा."

मी कॅमेऱ्याच्या फ्लॅशसमोर तळहात धरला आणि हळूच दाबलं. तळहातावर उजेड दोनदा पडला. आधी एक बारीक, मग खरा. कॅमेरा आधी अंदाज घ्यायला डोळा मिचकावतो आणि मग फोटो काढतो. आणि आमचा स्ट्रोब त्या मिचकावण्यालाच भुलून पेटत होता. खऱ्या वेळी त्याच्यात दमच उरत नव्हता.

"याच्यावर पहिला उजेड सोडून दे असं सांगायला काही खटका आहे का?"

सुमेधनं उलटासुलटा करून बघितला. मागे एक फिरवायचं बटण होतं, त्याच्यावर एक ठिपका आणि दोन ठिपके. त्यानं दोनवर नेलं. मी दाबलं.

काळ्या पाण्यात बुडबुडे मोत्यांसारखे एकावर एक थांबले होते. खाली वाळूचा प्रत्येक दाणा, आणि दाण्याची स्वतःची सावली.

सुमेधनं कॅमेरा माझ्या हातातून घेतला. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही वेडिंग करणार का माझ्याबरोबर?"

मी कॅमेऱ्याच्या फ्लॅशवर काळी चिकटपट्टी लावायला सांगितली, फक्त केबलच्या टोकाएवढं भोक ठेवून. म्हणजे त्याचा उजेड पाण्यात सांडणार नाही. नेम धरायला एक बारीक टॉर्च वर बांधून घेतली. इतकंच. मोठं काही घेतलं नाही. बारा फूट खाली, एका श्वासात, माझ्या दोन हातांत मावेल तेवढंच घेतलं.

त्या संध्याकाळी मी निर्मळला पोचले तेव्हा लुईस पायरीवर बसून बिडी ओढत होता. चेहऱ्यावर भारी समाधान.

"बाय, पानी बघ," तो म्हणाला. "आरसा करून टाकला."

खरंच, पाणी आरशासारखं होतं. पायऱ्या सातव्यापर्यंत दिसत होत्या.

"काय टाकलंस?"

"तुरटी. सात किलो. पिशवीत घालून केळीच्या तराफ्यावरून सगळीकडं ओढत फिरवली. फोटो काढायचा ना? सणाला विहिरीत नाय का टाकत, पाहुणे येनार म्हनून?"

"अरे माझ्या देवा. लुईस! तुरटीनं गाळ जातो कुठे?"

"खाली बसतो."

"आणि झरा कुठे आहे?"

त्याच्या हातातली बिडी तिथेच राहिली. तुम्हाला हसू येईल, साहेब, पण आमच्याकडे हे असंच असतं. कुणी घरी येणार, कुणी फोटो काढणार म्हटलं की आधी साफसफाई. दवाखान्यात बायका एक्स-रेला येताना पावडर लावून यायच्या. लुईसनं बावखलाला पावडर लावली होती. पाण्यातला सगळा गाळ कापसासारखा गोळा होऊन तळावर बसला होता आणि खाली पांढरी गोधडी अंथरली होती.

मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. जेवतानाही नाही. सकाळी तोच आला, चहाचा कप माझ्यासमोर ठेवला.

"शिव्या घाल ना, बाय. गप नको बसू."

"किती दिवसांत निघेल ते?"

"निघत नाय. हलवलं तर उठतं, ठेवलं तर बसतं."

मी तरी हट्टानं उतरले. पाय मारत खाली गेले आणि तळाला पोचायच्या आधीच सगळं पांढरं धुकं माझ्या तोंडावर आलं. काही दिसेना. कॅमेरा काढलाही नाही. ते धुकं बसायला दुसरा दिवस उजाडला. सुनावणीला पाच दिवस उरले.

मग लुईसनं त्याचं डोकं लावलं, आणि तिथे तो माझ्यापेक्षा शहाणा आहे हे मला कबूल करावं लागतं.

"पाय मारायचेच नायत," तो म्हणाला. "पंप काढायला आमी काय पाय मारत जायचो? वजन घ्यायचं न् दगडासारखं सरळ खाली. वर येताना दोरीनं वढून घ्यायचं. आन् आधी मोटार लावू. दोन तास वरचं पानी उपसलं की खालून झरा जोर धरतो. कुटं तो धरतो ते मी सांगतो. मधल्या दगडापासून दोन हात, चाफ्याच्या बाजूला. तितं कायम पायाला गार लागतं."

"तुला दिसलाय कधी?"

"गाळात डोळे कोन उघडतो? पायाला म्हाईत हाय."

दुपारी दोन तास मोटार चालवली. पाणी हातभर उतरलं. लुईसनं जुन्या पंपाचं बिडाचं झाकण दोरीला बांधलं आणि माझ्या कमरेला दुसरी दोरी. तिचं टोक एलिसाच्या हातात. ती रजा टाकून आली होती.

"आंटी, दोनदा ओढलंस की आम्ही ओढणार. एकदाही नाही ओढलंस तरी ओढणार."

"किती वेळानं?"

"मला भीती वाटेल तेव्हा."

तेहेतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका. माझ्यापुढे म्हातारे, बाळंतिणी, दम्याची माणसं उभी असायची आणि मी काचेमागून हुकूम सोडायचे. त्या दुपारी मी पायरीवर उभी राहून श्वास घेतला आणि मला पहिल्यांदा कळलं की रोखून धरा म्हणणं किती सोपं आहे.

झाकणाच्या वजनानं मी सरळ खाली गेले. पाय जुळवून, हातांनीही पाणी न मारता. कान दुखले, नाक दाबलं, कान उघडले. टॉर्चच्या उजेडात खाली पांढरं पसरलेलं दिसलं, मऊ, कुठेही घडी नसलेलं. आणि मधल्या दगडापासून दोन हातांवर, चाफ्याच्या बाजूला, त्या पांढऱ्यात एक गोल. ताटाएवढा. तिथे गोधडी नव्हती. तिथे तपकिरी स्वच्छ वाळू होती आणि ती वाळू उकळत होती. दाणे खालून वर येत होते, वितभर उडत होते, कडेला पडत होते, पुन्हा आत घसरत होते. तुरटीचा कापूस त्या गोलाच्या काठापर्यंत आला होता आणि तिथेच थांबला होता. पाणी त्याला बसूच देत नव्हतं.

मी कॅमेरा हातभर अंतरावर नेला. दांडा डावीकडे पूर्ण पसरला, स्ट्रोब वाळूच्या जवळ, खाली, आडवा. दाबलं. थोडा वर घेतला. दाबलं. तिसऱ्या वेळी क्रूस कोरलेला मधला दगडही चौकटीत घेतला. पाणी माझ्या मनगटाला लागत होतं. गार. मग मी दोरी ओढली, दोनदा. एलिसानं मला वर काढलं ते पंप काढतात तसं.

खोकून झाल्यावर मी कॅमेरा लुईसच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला. पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला, पुन्हा पहिला बघितला. काळं पाणी, पांढरा तळ, आणि मधे तो गोल. हवेत थांबलेला दाणा न् दाणा, प्रत्येकाची सावली उजवीकडे पडलेली.

"हाच," तो म्हणाला. "हाच गार लागायचा."

चाळीस वर्षं त्याला त्याच्या पायांनी सांगितलं होतं, ते तो आता बघत होता. त्यानं अंगठ्यानं स्क्रीन पुसली. पाण्याचा थेंब नव्हता तिथे.

"तुरटी टाकली नसती तर हा एवढा उठून दिसला असता का?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. आवाज निरागस.

"तोंड बंद ठेव," मी म्हटलं. पण त्याचं खरं होतं.

छापायला सुमेधकडेच गेले. तो म्हणाला, "मावशी, थोडा निळा चढवू? वाळू जरा सोनेरी…" मी म्हटलं, "एक टिंबही हलवायचं नाही. मी आयुष्यात एकाही फिल्मला हात लावलेला नाही." त्यानं तिन्ही फोटोंची एकेक, अशा तीन प्रती काढल्या, ए-फोर, आणि त्या स्वतः पुठ्ठ्यात घालून दिल्या.

आणि आज, साहेब, मी तुमच्यासमोर आहे.

तुम्ही माझा नंबर पुकारलात तेव्हा तुम्हाला मी आठवतही नव्हते. "कोणतं प्रकरण?" म्हणालात. मी तीन प्रती टेबलावर ठेवल्या. तुम्ही पहिली उचललीत, लांब धरलीत, मग जवळ. चष्मा काढलात, शर्टाला पुसलात, पुन्हा घातलात. तुमच्या बाजूला टाइप करणाऱ्या ज्ञानदा मॅडम मान वाकडी करून बघत होत्या.

"अय्या, वाळू उडतेय!" त्या म्हणाल्या. "खालून पाणी येतंय, सर!"

"मॅडम, तुम्ही टाइप करा," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळून, "हा फोटो तिथलाच कशावरून?"

"तिसऱ्या प्रतीत मधला दगड आहे. त्याच्यावर क्रूस कोरलाय आणि खाली साल. तुमच्याच खात्याच्या जुन्या नकाशात त्या दगडाची नोंद आहे. नकाशाची नक्कल पुठ्ठ्याच्या मागे लावलीय."

तुम्ही पुठ्ठा उलटा केलात. पुन्हा सरळ केलात.

"ठीक आहे. घ्या लिहून, मॅडम. अर्जदार यांनी तीन छायाचित्रे सादर केली."

"आणि त्यात काय दिसतं ते?" मी विचारलं.

"ते नोंदवायची गरज नाही."

"गरज माझी आहे."

"बाई, फोटोचा अर्थ काढायचा अधिकार तुम्हाला नाही."

इथे मी तुम्हाला एक सांगितलं, ते तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून पुन्हा सांगते. दवाखान्यात माझ्या हातून फिल्म निघायची. ओली फिल्म दिव्याला धरल्या धरल्या मला कळायचं, हाड मोडलंय, पाणी भरलंय, गाठ आहे. पेशंट विचारायचे, सिस्टर, काय दिसतं? आणि मी म्हणायचे, डॉक्टर सांगतील. तेव्हा ते बरोबर होतं, कारण डॉक्टर खरंच सांगायचे. चांगलं असो, वाईट असो, खाली सही करून सांगायचे. तुम्ही फोटो मागितलात, मी आणला. आता सांगायचं काम तुमचं आहे.

तुम्ही पुढचं प्रकरण पुकारलंत. दारात एक गृहस्थ फाईल छातीशी धरून आत आले. मी त्यांना म्हटलं, "बसा, काका. यांचं एक वाक्य राहिलंय." ते बसले. लुईस माझ्या मागे उभा आहे, त्याला उभं राहू नकोस म्हटलं तरी ऐकत नाही. तुमच्या शिपायानं दोनदा माझ्याकडे बघितलं आणि दोनदा दुसरीकडे.

'झरा आढळून आला नाही', हे न बघता लिहायला तुम्हाला चार मिनिटं लागली होती. आता तर तुम्ही बघितलंत. चष्मा पुसून बघितलंत. ज्ञानदा मॅडमची बोटं कीबोर्डवर थांबली आहेत. त्या तुमच्याकडे बघत नाहीत, माझ्याकडेही नाहीत, फोटोकडे बघतायत.

सांगा त्यांना काय टाइप करायचं ते. झरा दिसला, की नाही दिसला?